एक्टमी म्हणजे कापून बाहेर

सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दवाखान्यातला इंग्रजी शब्द पुढून वाचायला जाऊ नका, दमाल. मागून वाचा. शेपूट हाताला लागलं की जनावर कुठलं ते कळतं.

या सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यात उभी नोकरी काढून निवृत्त झालेल्या नर्स. आमच्या संघटनेच्या त्या कधीच सभासद झाल्या नाहीत. मोर्चात चालायला गुडघे नाहीत आणि घोषणा द्यायला घसा नाही, असं तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या होत्या. पण आम्ही ‘आपला कागद आपण वाचू’ ही मोहीम काढली तेव्हा त्या न बोलावता आल्या. मोहीम साधी होती. बायकांनी घरातल्या दवाखान्याच्या जुन्या फायली घेऊन यायचं आणि आम्ही त्यात काय लिहिलंय ते मराठीत सांगायचं. अडचण एवढीच, की आम्हाला तरी कुठं वाचता येत होतं? मी एम. ए. झालेली, संघटनेची सगळी पत्रकं माझ्या हातची, आणि पहिल्याच फाईलच्या पहिल्या ओळीला आडवी झाले. समोरची बाई म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे ताई, डॉक्टरचं अक्षर कुणालाच लागत न्हाई.’ अक्षर लागत होतं. शब्द लागत नव्हता.

माझं लिहिणं पत्रकावर वाढलं. एक कागद, दोन बाजू. पहिल्या ओळीत अन्याय, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मध्ये वाचणाऱ्याला दम खाऊ द्यायचा नाही. पाणी, रेशन, एसटीचे थांबे, उघडी गटारं, सगळ्यांवर लिहिलं. स्वतःच्या घरावर कधी लिहिलं नव्हतं. म्हणून हे जरा अडखळत होणार, आणि शेवटी मागणी येईलच असं नाही.

कळंब्याच्या रस्त्याला एका दूध संस्थेच्या वरची खोली आम्हाला दुपारची मिळायची. सकाळचं दूध गेलेलं, संध्याकाळचं यायचं. खाली कॅन धुतल्याचं पाणी आणि वर आम्ही सहाजणी. सिस्टरनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं शब्द लिहून आणले होते, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटाखाली लाल रेघ.

शेवटी आयटिस असलं तर सूज. स्कोपी असलं तर नुसतं बघणं, घाबरायचं कारण नाही. मग त्यांनी एक कागद बाजूला काढला. त्यावर सगळ्या शब्दांचा शेवट एकच होता. एक्टमी.

‘एक् म्हंजे भाईर, टोम म्हंजे कापणं,’ सिस्टर म्हणाल्या. ‘ग्रीक लोकांची भाषा. कापून भाईर काढलं. कागदावर हे शेपूट दिसलं की थांबायचं आणि इचारायचं, काय काढलं?’

काय काढलं ते शब्दाच्या पुढच्या भागात असतं. टॉन्सिलेक्टमी तर कुणालाही कळेल. अपेंडिक्स म्हणजे लॅटिनमध्ये लोंबणारी जादाची वस्तू, ती काढली की अपेंडेक्टमी. ट्यूब म्हणजे नळी, म्हणून ट्यूबेक्टमी, आपलं बायकांचं कुटुंब नियोजन. पुरुषांची व्हॅसेक्टमी, आणि त्यातला व्हास म्हणजे लॅटिनमध्ये भांडं. यावर आमच्यातली शिवणकाम करणारी एक मुसलमान भाबी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, तरीच गडी माणसं त्या ऑपरेशनला जात न्हाईत, भांडंच जातंय म्हटल्यावर कोण जाईल. सगळ्या हसल्या. सिस्टरही हसल्या आणि म्हणाल्या, भांडं जागेवरच राहतं, नळीचा एवढासा तुकडा जातो, गड्यास्नी सांगा जाऊन.

मला हे सगळं फार आवडलं. खोटं कशाला बोलू. शाळेत दहा वर्षं इंग्रजी शिकले, पण हा शब्द असा का आहे, हे एकाही मास्तरानं सांगितलं नव्हतं. ॲटममधला टोमसुद्धा हाच, सिस्टर म्हणाल्या. कापता येत नाही तो अणू. ॲनाटमीतला टोमही हाच. म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकात मी जे पाठ करत होते ते सगळं कुणाच्या तरी सुरीखालून आलं होतं. बायकांच्या पोटातल्या नळ्यांना डॉक्टर लोक सॅल्पिंक्स म्हणतात आणि सॅल्पिंक्स म्हणजे ग्रीकमध्ये तुतारी, हे ऐकल्यावर तर भाबीनं पोटावर हात ठेवला आणि विचारलं, मग वाजत कशी न्हाई?

मग सिस्टरनी शेवटचा शब्द पुढं केला. हिस्टरेक्टमी. हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. आपण पिशवी म्हणतो ती. पिशवी कापून बाहेर.

‘आणि ह्याच हिस्टेरातनं हिस्टेरिया आलाय,’ त्या म्हणाल्या. ‘त्या जुन्या लोकांस्नी वाटायचं, बाईची पिशवी अंगभर फिरती आणि म्हणून बाई बिथरती. म्हणून बिथरलेल्या बाईला त्यांनी पिशवीचंच नाव दिलं.’

मी लिहिता लिहिता थांबले. राग आला तो लगेच, पत्रकातला, सवयीचा. पण त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं. हा शब्द मी वापरला होता. माझ्या आत्तीसाठी.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या बाजूला दिली आहे. माझ्या लहानपणी हसरी बाई म्हणून सगळ्यांना आठवते. मी कॉलेजात जाईपर्यंत ती हसरी राहिली नव्हती. मधेच तोंड लाल व्हायचं, पदरानं वारा घेत अंगणात जाऊन उभी राहायची. रात्र रात्र जागी असायची. एकदा एका साखरपुड्यात भाजीत मीठ कमी म्हणून तिनं भरल्या मांडवात सासूला असं काही सुनावलं, की नवरदेवाकडचे पाव्हणे हातातला घास तसाच धरून बसले. परत येताना मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं होतं, आमची आत्ती जरा हिस्टेरिकलच आहे. इंग्रजी शब्द वापरल्याचा मला त्या वेळी अभिमानसुद्धा वाटला असेल.

पुढच्या आठवड्यांत फायली यायला लागल्या. प्लास्टिकच्या पिशवीत, साडीच्या खोक्यात, एका बाईची तर पिठाच्या डब्यातून, कागदांना ज्वारीचा वास. पिशवी काढलेल्या बायका इतक्या आल्या की मी मोजायचं सोडून दिलं. दाढ काढली म्हणावं तसं त्या सांगायच्या. पिशवी काढली. कशापायी? अंगावर जायचं म्हणून. दुसरं काही सांगितलं होतं का? न्हाई की.

यातूनच मला ट्रेचं कळलं. मोठं ऑपरेशन झालं की आतून कुणीतरी दार किलकिलं करतं आणि पेशंटबरोबरच्या एका माणसाला बोलावतं. स्टीलच्या ट्रेत, जे काढलं ते ठेवलेलं असतं. डॉक्टर चिमट्यानं उचलून दाखवतात, हे बघा, हे काढलं. माणूस मान हलवतो. दार लागतं. ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, एका मलाच नव्हती. नवरा सहसा पुढं होत नाही. एकीचा दीर गेला आणि तिथंच भिंतीला धरून खाली बसला. मग कुणीतरी बाईमाणूस पुढं करायचं. ज्या बाईचं काढलं ती गुंगीत असते. म्हणजे जिचं, ती सोडून सगळ्यांना दाखवतात. मी आमच्या नोंदीच्या कागदावर एक रकाना वाढवला: काढलेलं कुणाला दाखवलं? पुढं हा रकाना फार कामाला आला. फाईल हरवलेली असली तरी ट्रे बघितलेलं माणूस हरवलेलं नसायचं. त्याला गाठलं की तो सांगायचा, एकच होतं का जास्त होतं.

याच दिवसांत आत्तीचा हात मोडला. उंबऱ्याला पाय अडकून पडली, उजवं मनगट गेलं. तीन वर्षांत दुसऱ्यांदा. वय त्रेचाळीस. प्लास्टरला म्हणून ती कोल्हापुरात आमच्याकडं आली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि विचारलं, पाळी कधी गेली? माझ्या आईनं पुढं होऊन सांगितलं, पिशवी काढलीय, अकरा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले जुने कागद आणा. आत्तीचे यजमान, म्हणजे आमचे मामा, उसाच्या तोडीत अडकले होते. त्यांनी ट्रंकेतली फाईल पिशवीत घालून एसटीच्या कंडक्टरजवळ दिली आणि मी स्टँडवरून उचलून आणली.

घरात कागद वाचणारी मीच. आत्ती बाहेरच्या खोलीत गळ्यात हात अडकवून मालिका बघत होती. आई भाकरी थापत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून फाईल उघडली आणि शिकवल्याप्रमाणे मागून वाचायला लागले.

घरी सोडतानाचं कार्ड होतं. एक एक्टमी. हिस्टरेक्टमी, माहीत होतं. त्याच्या पुढं बेरजेचं चिन्ह आणि पुन्हा एक एक्टमी.

दुसरीचा पुढचा भाग लांबलचक होता. सॅल्पिंगो कळला, तुतारी. मग ऊफोर. हे नव्हतं आमच्या कॅलेंडरावर. त्याच्याही आधी बिलॅटरल, म्हणजे दोन्ही बाजूंचं. मी मागच्या दारी जाऊन सिस्टरना फोन लावला.

सिस्टरनी शब्द पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, ऊ म्हणजे अंडं, फोर म्हणजे बाळगणारी. अंडाशय. दोन्ही काढलेत. वय काय होतं?

बत्तीस, मी म्हटलं.

त्यांनी कार्डावरचं वय पुन्हा बघायला लावलं. मग विचारलं, गाठ होती का, काढलेलं तपासायला पाठवतात त्याचा कागद आहे का? होता. पिवळा पडलेला, टाचणीनं टोचलेला. मी वाचला. दोन्ही अंडाशयांपुढं नॉर्मल लिहिलं होतं.

‘चांगली हुती म्हण की,’ सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. कधी कधी काढावीच लागतात, उगाच एकदम डॉक्टरच्या अंगावर धावू नकोस. पण बत्तीसाव्या वर्षी दोन्ही काढली की त्या दिवसापासून बाई म्हातारपणाच्या दारात उभी राहते. अंगातून आग निघते, झोप जाते, जीव चिडचिडा होतो, हाडं आतून पोकळ व्हायला लागतात. त्यावर औषध असतं. तिला सांगावं लागतं, परत बोलवावं लागतं. बघ, काही लिहिलंय का.

लिहिलं होतं. कार्डाच्या तळाला, तिरक्या अक्षरात, इंग्रजीत. सहा आठवड्यांनी दाखवणे. हाडांसाठी कॅल्शियम. हॉर्मोनच्या गोळ्यांविषयी बोलणे.

अकरा वर्षं हे ट्रंकेत होतं. लाल तोंड, जागरणं, मांडवातलं भांडण, पहिलं मोडलेलं मनगट, सगळ्याचं उत्तर तिच्याच घरात, तिच्याच साड्यांखाली घडी घालून ठेवलेलं होतं. चोरी लपवून करतात असं मला वाटायचं. इथं सगळं लिहून दिलं होतं. मला धक्का त्याचा जास्त बसला. कुणी काही लपवलं नव्हतं, फक्त ते ज्यांच्या हातात दिलं त्यांना वाचता येणार नाही हे देणाऱ्याला माहीत होतं.

माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झालासुद्धा: बत्तीस वर्षांच्या बाईची चांगली अंडाशयं कोणी काढली? आणि तेवढ्यात बाहेरून आत्तीनं विचारलं, चहा टाकतीस का गं?

मी आत आले आणि आईला विचारलं, आत्तीच्या ऑपरेशनच्या वेळी ट्रे कुणी बघितला? मला मामांचं नाव हवं होतं. नाहीतर आत्तीच्या सासूचं. मी दहावीत होते त्या वर्षी, मला दवाखान्यात कुणी नेलं नव्हतं.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. वर बघितलं नाही.

‘मी,’ ती म्हणाली.

माझी आई. सासरच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं, मामा जिन्याखाली जाऊन उभे राहिले, म्हणून नणंदेसाठी ही आत गेली. डॉक्टरांनी पिशवी दाखवली आणि मग शेजारची दोन दाखवून सांगितलं, ही पण काढलीत, पुढं त्रास नको. आईनं मान हलवली. गडबडीत होते, बरे बोलले, ती म्हणाली. गोळ्याबिळ्यांचं काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. बाहेर येऊन तिनं सगळ्यांना एवढंच सांगितलं, पिशवी काढली. बाकीचं कुणालाच नाही.

‘तिला तरी?’

‘न्हाई.’

मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता सांगते. मी उठलेसुद्धा. आईनं पिठाच्या हातानं माझा दंड धरला. अकरा वर्षं तिनं आत्तीला लाल तोंडानं अंगणात उभी राहिलेली बघितलं होतं, पण त्याचा ह्याच्याशी संबंध आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता मी सांगितल्यावर तिचा चेहरा बघवत नव्हता. तरी मी बोलत राहिले. तुला विचारावंसं वाटलं नाही का, तू मान हलवलीसच कशी, अशानंच होतं सगळं. सभेत बोलते तशी बोलले.

‘तुझ्या मीटिंगातल्या बायकांस्नी सांगतीस तसं तिला सांगू नगो,’ आई म्हणाली. ‘त्या तुझ्या कोन लागत न्हाईत. मी बघितलोय, मीच सांगीन.’

मी म्हटलं, उद्यापर्यंत. नाही तर मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आत्तीची वेणी घालायला बसली. प्लास्टरच्या हातानं तिला ती घालता येत नव्हती. मागच्या गॅलरीत, पाटावर आत्ती आणि तिच्या मागं आई. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं, मी दारात थांबले. आईनं दोनदा गुंता सोडवला, दोनदा तेल लावलं आणि मग एका दमात सांगितलं. वन्सं, त्या वक्ताला तुमची पिशवीच न्हाई, दोन्हीकडची अंडाशयं पन काढली. मला दावली हुती. मी तुमास्नी बोललो न्हाई.

आत्तीची पाठ माझ्याकडं होती. पाठ हलली नाही.

तिनं विचारलं, ‘केवढी हुती?’

‘बदामायेवढी.’

‘रंग?’

‘पांढुरका. मोत्यासारखा म्हना.’

‘आनि तू काय म्हनलीस?’

‘व्हय म्हनलो.’

आत्तीनं केस तिच्या हातातून ओढून घेतले. अर्धी वेणी तशीच सुटली. मला का न्हाई सांगितलीस, असं ती विचारत होती, पण ओरडत नव्हती, आणि इतकी वर्षं तिचं ओरडणं ऐकलेल्या मला ते जास्त भयानक वाटलं. आई म्हणाली, पिशवी गेल्याचंच तुम्हाला इतकं लागलं होतं, वाटलं उभं राहू दे, मग सांगू. मग तुम्ही उभ्या राहिला आणि मला धीर झाला नाही. पुढं पुढं तर मी स्वतःला सांगायला लागले की मी काही बघितलंच नाही.

मग आत्ती स्वतःशी बोलावं तसं बोलायला लागली. सासूनं तिला मलकापूरच्या पुढं एका देवरुष्याकडं नेलं होतं. दोन एसटी बदलून. त्यानं लिंबू कापलं, धुरात बसवलं, कुणाची तरी नजर सांगितली. त्या धुरात अंगाची आग आणखी वाढली आणि ती किंचाळली, तर तो म्हणाला, बघा, निघतंय. तेव्हापासून घरात तिला कुणी उलट बोललं नाही. भीतीनं. जावा पोरांना तिच्याजवळ ठेवायच्या नाहीत.

‘म्हंजे मी येडी न्हवतो,’ आत्ती म्हणाली.

मला पुढं व्हावंच लागलं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगून टाकलं की मीही तिच्या मागं तिला एक शब्द वापरला होता. कुठला म्हणून तिनं विचारलं. सांगितला. अर्थ काय? तोही सांगितला, हिस्टेरापासून, पिशवी अंगभर फिरते इथपर्यंत. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

‘पिशवी तर काढून टाकलती की गं,’ ती म्हणाली. ‘मग फिरत हुती कोन?’

आणि ती हसली. मी लहान असताना हसायची तसं नाही. आई मागं तोंडाला पदर लावून रडत होती, तिच्याकडं ती वळली नाही.

संध्याकाळी तिनं मला बोलावून विचारलं, काय लिहीत बसलीस? मी खरं सांगितलं, पत्रक. तिनं वही मागितली, डाव्या हातानं पान फाडलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं. ‘माझ्यावर पत्रक न्हाई काढायचं,’ म्हणाली. ‘आदी मला वाचून दाव.’ हे जे मी आज लिहिते आहे त्याला तिनं फार नंतर परवानगी दिली, कुणाचं नाव घालायचं नाही या अटीवर.

मग मी फाईल वाचली. तिच्यासाठी, पहिल्या पानापासून. प्रत्येक शब्द इंग्रजीत, मग त्याचे तुकडे, मग मराठी. ती माझ्यामागून म्हणत होती. एक् म्हणजे बाहेर. टोम म्हणजे कापणं. ऊ म्हणजे अंडं. मी दमले, ती दमली नाही. कार्डाच्या तळाला पोचल्यावर मात्र तिनं मला दोनदा वाचायला लावलं.

‘सहा आठवड्यांनी, असं ल्हिलंय?’

‘व्हय.’

‘माझ्या ट्रंकंत?’

‘व्हय, आत्ती.’

तिनं डाव्या हाताच्या बोटांवर आठवडे मोजले. कार्तिकात ऑपरेशन झालेलं, म्हणजे पौषाच्या सुमाराला. पौषात मी काय करत होतो, ती म्हणाली, आणि तिला आठवलं. पौषात ती माहेरी आली होती, याच घरात, आणि अंगातून आग निघते म्हणून माठाला पाठ लावून बसायची. सगळे हसायचे. मीही.

दोन दिवस आत्ती आईशी एक अक्षर बोलली नाही. आई ताट वाढायची, ती जेवायची. आई पाणी तापवायची, ती अंघोळ करायची. तिनं हाताला धरल्याशिवाय आत्तीला साडी नेसता येत नव्हती, तेही तसंच, मुक्यानं व्हायचं. मामांचा फोन आला, त्यांना आत्तीनं सांगितलं, आणखी चार दिवस राहणार, ऊस तोडा. कशासाठी ते सांगितलं नाही. मी दोघींच्या मध्ये बोलायला गेले तर दोघींनीही मला बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा दोन बाजूंपैकी कुठली बरोबर ते मला ठरवता येईना. मान हलवणारी बाई माझ्या पत्रकांत कधी आली नव्हती. आली असती तरी मी तिला सोडली नसती.

तिसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. आत्तीनं कार्ड पुढं ठेवलं आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतः सांगितलं, माझ्या दोन एक्टम्या झाल्यात, दुसरीत दोन्ही अंडाशयं गेली, चांगली हुती, मला गोळ्या मिळाल्या न्हाईत. डॉक्टर कार्डाकडं आणि मग तिच्याकडं बघत राहिले. मागच्या वेळी मनगट मोडलं तेव्हा दुसऱ्या कुणी विचारलं नाही का, असं त्यांनीच विचारलं. न्हाई, ती म्हणाली, तवा नुसतं प्लास्टर घातलं. त्यांनी हाडांची तपासणी लिहून दिली आणि बायकांच्या एका डॉक्टरीणबाईंकडं चिठ्ठी दिली. गोळ्या द्यायच्या का नाहीत, आता इतक्या वर्षांनी कुठल्या द्यायच्या, ते त्या ठरवतील म्हणाले. हाडांना मात्र आजपासून जपायचं.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गर्दी होती. खिडकीतल्या मुलीनं आत्तीपुढं फॉर्म सरकवला आणि विचारलं, पेशंटसोबत कोण आहे? मी पुढं झाले. आत्तीनं मला कोपरानं बाजूला केलं आणि मागं बाकावर पर्स छातीशी धरून बसलेल्या आईकडं बघितलं. आई उठून उभी राहिली. बसू का येऊ, तिला कळेना.

‘ही हाय,’ आत्ती म्हणाली. ‘ही माझ्यासंगं आत येनार. पन सही माझी मी करीन.’

मुलगी म्हणाली, हाताला प्लास्टर आहे, अंगठा चालेल. आत्ती नाही म्हणाली. आई जवळ आली आणि तिनं फॉर्म सरकू नये म्हणून दोन बोटांनी दाबून धरला. आत्तीनं डाव्या हातात पेन घेतलं. पहिलं अक्षर उलटं झालं, ते तिनं खोडलं. मागं कुणीतरी म्हणालं, पाव्हणं, आवरा की. एरवी मी वळून त्याला झाडलं असतं. त्या वेळी मला दुसरीकडं बघायला सवड नव्हती. ती दुसरं अक्षर काढत होती, दात ओठावर धरून, आणि आईचे ओठ तिच्याबरोबर ते अक्षर लिहीत असल्यासारखे हलत होते.